टेकडीवरची आपली झाडं-फुलं शिकायचीत, ग्रुप कसा निवडायचा? (पुणे)

तरवड_बार्शी:

नमस्कार मंडळी. मी मूळची बार्शीकडची, आता कोथरूडला राहते, शनिवार-रविवारी एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) बाजूनं वेताळ टेकडीवर जाते. गावाकडं बांधावरचं हिवर, तरवड, बारतोंडी, मेडशिंगी ही सगळी ओळखीची होती, इथं मात्र निम्मं हिरवं काय आहे तेच कळत नाही आणि ॲपवर फोटो टाकला की तीन वेगवेगळी नावं येतात.

मागच्या पावसाळ्यात ऑफिसतर्फे वृक्षारोपणाला गेले होते. बस, टीशर्ट, खड्डे आधीच खणलेले, दोन तासात रोपं लावून ग्रुप फोटो काढून परत. मार्चमध्ये मुद्दाम जाऊन बघितलं तर बहुतेक रोपं वाळून गेलेली, आणि ती कसली होती हे त्या दिवशीसुद्धा तिथं कुणाला सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून मनात आहे की असं काही नको, आधी नीट शिकायचं, आणि जी आपल्या मातीतली झाडं-झुडपं आहेत ती टिकवायला हातभार लावायचा.

तर विचारायचंय की असे स्थानिक ग्रुप नेमकं काय करतात, त्यात बॉटनी न शिकलेल्या माणसाला घेतात का, फी असते का, आणि चांगला ग्रुप ओळखायचा कसा? आई सोबत येईल (निवृत्त शिक्षिका, चालायला खमकी आहे) आणि मुलगा तिसरीत आहे. पाऊस तोंडावर आलाय म्हणून आत्ताच विचारतेय.

रानवाट_पुणे:

ताई, अगदी योग्य वेळेला विचारलंत, कारण आमच्या टेकड्यांचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. बॉटनीची अजिबात गरज नाही. आमच्या ग्रुपमध्ये बँकेतले, रिक्षा चालवणारे, दोन डॉक्टर, एक शिंपीकाम करणाऱ्या मावशी असे सगळे आहेत, आणि गवतं ओळखण्यात त्या मावशींचा हात धरणारा कुणी नाही. फी नसते, एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो, रविवारी उजाडता उजाडता जमायचं आणि दोन-अडीच तास एवढ्याएवढ्यातच फिरायचं. टेकडी पूर्ण करायला कुणी येत नाही, कधीकधी तर दोनशे मीटरच्या पुढं जाणं होत नाही.

चांगला ग्रुप कसा ओळखायचा त्याचं माझं उत्तर सरळ आहे, एकदा जाऊन बघा की ते लोक खाली बसतात का. जे फक्त मान वर करून मोठ्या झाडांची नावं सांगत पुढं जातात त्यांच्याकडं तुम्हाला झाडं कळतील पण टेकडी कळायची नाही. आपल्या पुण्याच्या टेकड्या मुळात दाट जंगलाच्या नाहीतच, कमी मातीच्या, खडकाळ, गवताळ आणि मधेमधे खुरटी पानगळीची झाडं अशा आहेत. इथली खरी श्रीमंती घोट्याच्या उंचीची आहे. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की काळी मुसळीचं पिवळं चांदणीसारखं फूल जमिनीला टेकून उगवतं, पांढरी हबे आमरी येते, ती ऑर्किड आहे हे सांगितल्यावर लोकांना खरं वाटत नाही कारण ऑर्किड म्हणजे हॉटेलच्या टेबलावरचं असं डोक्यात बसलेलं असतं. रानकांदा, भुईचक्र, मग जुलै-ऑगस्टमध्ये नशीब असेल तर कंदीलपुष्प. हे सगळे कंद वर्षातले आठ-नऊ महिने जमिनीखाली झोपलेले असतात, वर काहीही दिसत नाही. आणि नेमकं त्याच काळात, एप्रिल-मे मध्ये, वृक्षारोपणासाठी खड्डे खणायला माणसं येतात. रिकामी जागा आहे ना, खणा. म्हणून मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो की एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा नुसतं बघा, नोंदी करा, लावायचं काय ते नंतर ठरवू.

झाडं शिकायची तर मात्र उलट, फेब्रुवारी ते मे. पानं गळालेली असतात, फुलं उघडी असतात आणि साल दिसते. पळस, पांगारा, काटेसावर तर सगळ्यांना माहिती असतात, त्यांच्यासोबत गणेर बघा, खडकातनं वर आलेलं आणि नुसती पिवळीधमक फुलं अंगावर. सालईची कागदासारखी सुटणारी साल, मोई, धावडा, वारस, बहावा. तुमची मेडशिंगी इथंही आहे, उन्हाळ्यात पांढरी फुलं येतात आणि शेंग मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली असते, गावाकडं बघितलीच असेल. म्हणजे तुम्ही काही शून्यावरनं सुरू करत नाही आहात.

सोबत काय लागतं, तर एक वही, पेन्सिल (पावसात पेन चालत नाही), आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग, ते दोनतीनशे रुपयात मिळतं. ॲप वापरा, पण नुसत्या फुलाचा फोटो टाकू नका, पान वरून, पान खालून, देठ, खोड, आणि झाड किती मोठं आहे ते कळेल असा एक, एवढं दिलं तर आयनॅचरलिस्टवर जाणकार माणसं खरंच वेळ काढून सांगतात. फूल तोडायचं नाही हा आमच्याकडं पहिला नियम. ज्या ग्रुपमध्ये दाखवायला म्हणून कंद उपटतात तिथनं परत या.

गुरुजी_सासवड:

मुलाला नक्की न्या. शाळेत आम्ही एकच झाड वर्षभर बघायला देतो, दर आठवड्याला त्याला नवी पानं आहेत का, कळ्या किती, फळं कच्ची का पिकली एवढंच लिहायचं. सीझनवॉच म्हणून देशभर चालणारा उपक्रम आहे त्यात या नोंदी टाकता येतात आणि बहावा आता कधी फुलतो, आधी कधी फुलायचा हे अशाच नोंदींवरनं कळत जातं. तिसरीतलं पोर हे उत्तम करतं, फक्त झाड त्याच्या वाटेवरचं हवं. सोसायटीच्या गेटबाहेरचं कडुनिंबसुद्धा चालेल.

सडेकर_रत्नागिरी:

रानवाट यांनी खड्ड्यांचं लिहिलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, प्रश्न पुण्याचा असला तरी. आमच्याकडं सड्यावर हेच चाललंय. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, उन्हाळ्यात बघाल तर काळं ठिक्कर, गवताची काडी नाही, सरकारी कागदावर पडीक. पण जूनला पाऊस लागला की त्याच कातळावर दीपकाडीची पांढरी घंटेसारखी फुलं येतात, ही कोकणपट्टीचे सडे सोडले तर जगात कुठंही नाही. मग पाणी साचलेल्या जागांवर गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू. यातल्या सीतेची आसवे आणि दवबिंदू या किडे खाणाऱ्या वनस्पती आहेत, कारण कातळावरच्या चार बोटं मातीत त्यांना पोषण मिळतच नाही, ते त्या असं मिळवतात. तीन-चार महिन्यांत उगवणं, फुलणं, बी टाकणं सगळं आटपतात आणि परत काळा कातळ.

आता कुणीतरी चांगल्या मनाने येतो आणि म्हणतो इथे हिरवळ करूया, ट्रकनं माती आणून टाकतो. किंवा सुरुंग लावून खड्डे मारतात आणि कलमं लावतात, नाहीतर चिरेखाण निघते. कलमं आमचं पोट आहे, त्याला नाही म्हणत नाही मी, माझीसुद्धा आहेत. पण सगळेच सडे असे गेले तर दीपकाडीला दुसरं घर नाही हे कुणी तरी बोललं पाहिजे. आम्ही गावातली पाच-सहा माणसं दर पावसात एकाच सड्यावर जाऊन कुठे काय उगवलंय ते लिहून ठेवतो. ज्या सड्यांवर कातळशिल्पं सापडली तिथे निदान पर्यटनासाठी तरी लोक जपायला लागलेत, फुलांसाठी पण जपतील अशी आशा आहे. तर ताई, ग्रुप निवडताना एक विचारा, तुम्ही मोकळ्या जागेला मोकळी म्हणता की पडीक म्हणता. उत्तरावरून सगळं कळेल.

पहाटफेरी:

सगळं पटलं पण एक गोष्ट बोलायची आहे. मी गेली कित्येक वर्षं रोज टेकडीवर जातो आणि हल्ली देशी झाडांच्या ग्रुपमधले तरुण लोक ग्लिरिसिडिया म्हणजे गिरीपुष्प दिसलं की शत्रू दिसल्यासारखं बोलतात. माझ्या तरुणपणी या टेकड्या बोडक्या होत्या, चराई आणि लाकूडतोड यांनी सगळं गेलं होतं, पावसात माती लाल-लाल होऊन खाली वाहायची. तेव्हा वनखात्याने आणि लोकांनी मिळेल ते, जगेल ते लावलं. गिरीपुष्प जगलं म्हणून लावलं. ते हवेतला नायट्रोजन मातीत धरतं हेही खरं आहे. आज आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना सावली आहे, मोर त्यातच असतात. ते सगळं एका झटक्यात तोडा म्हणणारे लोक टेकडी परत बोडकी करतील आणि मग तिथं बांधकामाचा डोळा पडायला वेळ लागणार नाही.

रानवाट_पुणे:

काका, तुमचं म्हणणं डोक्यावर घेतो, एका झटक्यात तोडण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. टेकडीचा बराच भाग वनखात्याकडं आहे, परवानगीशिवाय फांदीला हात लावणं हा गुन्हाच आहे आणि तो असलाच पाहिजे. पण गिरीपुष्पाखाली एकदा माझ्यासोबत बसून बघा. मध्य अमेरिकेतलं झाड, इथली गुरं-शेळ्या सहसा खात नाहीत, दाट वाढतं, आणि खाली गवत जवळजवळ नाही, कंद नाहीत, चंडोल आणि लावे ज्या उघड्या गवतावर अंडी घालतात ते गवतच नाही. लांबनं सगळं हिरवं आहे पण त्या हिरव्यात खायला कुणाला काय आहे? आमचा मार्ग हळू आहे, जिथं आधीच एखादी मोई, वावळ किंवा भोकर खालून वर यायला धडपडतेय तिथं वनखात्याला सांगून तेवढ्यापुरतं आजूबाजूचं विरळ करून घ्यायचं, आणि जे गवताळ पट्टे अजून शिल्लक आहेत तिथं काहीही लावू द्यायचं नाही. याला वीस-पंचवीस वर्षं लागतील, लागू देत.

आणि बांधकामाचं तुम्ही बोललात ते फार महत्त्वाचं आहे. टेकडीवरनं न्यायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या प्रस्तावावरनं एवढं रान उठलं तेव्हा ‘तिथं आहे काय, नुसतं गवत’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं. अशा वेळी आपल्या हातात काय असतं, तर यादी. कुठल्या जागी, कुठल्या महिन्यात, काय उगवतं याची तारखेसकट, फोटोसकट यादी. ती शास्त्रज्ञांनी एकदा येऊन केलेली असतेच, पण दर आठवड्याला जाणाऱ्या माणसांची यादी त्याहून भरीव होते. ताई विचारत होत्या ना ग्रुप नेमकं काय करतात, माझ्या लेखी हे सगळ्यात मोठं काम आहे.

पहाटफेरी:

असं असेल तर मी येतो. यादीत माझ्याकडनं भर पडेल, कुठला पांगारा कधी गेला आणि कुठं पूर्वी काय होतं हे मला पाठ आहे.

बीजवाली:

ताई, बसून बघणं खरं आहे पण हाताला काम लागतं अशी माणसं पण असतात, माझ्यासारखी, तर त्यांच्यासाठी बिया आहेत. आमचा छोटा गट आहे, आम्ही फक्त बिया गोळा करतो आणि गच्चीवर, बाल्कनीत रोपं करतो, दुधाच्या पिशव्या धुवून साठवायच्या, खाली भोकं पाडायची. एकच कडक नियम, ज्या टेकडीवर लावायचं त्याच टेकडीचं किंवा जवळचं बी. नर्सरीतनं रोप आणलं तर ते कुठल्या प्रदेशातलं आहे काय माहिती, आणि बऱ्याच नर्सऱ्यांत देशी म्हणून काहीही देतात, गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला, पण विचारलं तर आपलाच म्हणतात.

प्रत्येक बियाची तऱ्हा वेगळी. बहाव्याचं बी इतकं टणक की गरम पाण्यात रात्रभर ठेवावं लागतं नाहीतर पॉलिश पेपरवर घासावं लागतं, तरच रुजतं. उलट पळसाचं आणि कडुनिंबाचं बी ठेवलं की संपलं, पडल्यापडल्या ताजंच पेरायचं, पुढच्या वर्षी बघू म्हटलं तर एक उगवत नाही. काटेसावरीची बोंडं फुटायच्या आत गाठावी लागतात, एकदा कापूस उडाला की बी गेलं वाऱ्यावर. वावळाच्या चपट्या पंखवाल्या बिया उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला ढिगानं पडतात, पोरांना गोळा करायला फार आवडतात. मोई आणि पांगारा तर फांदीनं पण लागतात. एका झाडाखालचं सगळं बी कधी उचलायचं नाही, मुंग्या-उंदीर-पक्षी सगळ्यांचं आहे ते. आणि देवराईतनं तर काहीच नाही, पडलेलं पानसुद्धा नाही, जुन्या लोकांनी जो दंडक घालून दिलाय तो आम्ही पाळतो.

रोप दोन पावसाळे पिशवीत वाढवूनच बाहेर काढतो, आणि लावलं की पुढचे दोन-तीन उन्हाळे पाण्याची पाळी ठरलेली असते. तुमच्या ऑफिसच्या त्या रोपांना हेच मिळालं नाही. पाणी कोण घालणार याची नावं ठरल्याशिवाय आम्ही एकही खड्डा घेत नाही.

आईंना सांगा, आपट्याचं काम त्यांना आवडेल. दसऱ्याला सोनं म्हणून आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडतात, आणि बाजारात बरेचदा कांचनची पानं आपटा म्हणून विकतात. आम्ही दसऱ्याच्या आधी सोसायट्यांमध्ये जाऊन दोन्ही झाडं दाखवतो, आपट्याचं पान लहान, जाडसर, रुंदीला जास्त, आणि झाडाचं खोड काळपट खडबडीत. मग सांगतो की फांदी तोडू नका, आपट्याचं एक रोप द्या. निवृत्त शिक्षिका बोलल्या की लोक ऐकतात.

तरवड_बार्शी:

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, आईला वाचून दाखवलं, ती दसऱ्याच्या कामाला आत्ताच तयार झालीय. दोन शंका. एक म्हणजे पावसाळ्यात नुसतं बघायचं म्हटलं तरी हाताने करण्यासारखं काहीच नसतं का, मुलगा दोन तास नुसता बघत राहील असं वाटत नाही. आणि दुसरं, आयनॅचरलिस्टवर किंवा इन्स्टावर फोटो टाकले तर चालतात का, म्हणजे जागा सगळ्यांना कळते ना.

रानवाट_पुणे:

हाताला भरपूर काम आहे. कॉसमॉस. गणपतीच्या सुमारास टेकडीच्या उतारावर केशरी-पिवळी फुलं दिसतात, लोक त्यात उभं राहून फोटो काढतात, ते मेक्सिकोचं बागेतलं रोप आहे आणि बागेतनं सुटून टेकडीभर झालंय, त्याच्या गर्दीत तेरडा आणि कुर्डू दबून जातात. ते फुलायच्या आधी, ओल्या मातीतनं मुळासकट अलगद निघतं, पोरं फार जोरात करतात हे काम. फक्त आधी मोठ्या माणसानं ओळख पक्की करून द्यायची आणि ठरलेल्या पट्ट्यातच करायचं. रानमोडी आणि घाणेरी ही तणं मात्र पोरांना काढायला देऊ नका, घाणेरीला काटे असतात. पावसाळा सरला की वणव्याचं काम येतं, वाळल्या गवताला कुणी काडी लावतं आणि एका दुपारीत रोपं, अंडी, सरडे सगळं जातं, म्हणून वनखात्याबरोबर जाळपट्टे (आग पुढं पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढायला माणसं लागतात. तिथं तुम्ही या, मुलगा नको.

शिवनेरीखालचा:

फोटोचं मी सांगतो कारण आमच्याकडं याचा फटका बसलाय. जुन्नरच्या कड्यांवर शिंदळमाकुडी आहे, शिवनेरीवर पण आहे, मांसल खोडाची, उन्हाळ्यात पानं गाळून नुसतं खोड कातळाला धरून राहते आणि पावसाळ्यात जांभळट तांबूस फूल येतं, त्यावर पिवळे ठिपके. फुलाला वास असा की माश्या येतात आणि परागीभवन त्याच करतात. डालझेल नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं 1865 साली शास्त्रात नोंद केली आणि तेव्हाचा मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्यावरनं फ्रेरिया हे नाव दिलं. महाराष्ट्राबाहेर कुठंच नाही. अशा झाडाचा फोटो जागेसकट टाकला की हौशी लोक कड्यावर चढून खोडंच्या खोडं ओढून नेतात कुंडीत लावायला. आणि खरं म्हणजे ती तुकड्यापासून सहज लागते, वाढवणाऱ्यांकडनं एक तुकडा घेतला तरी घरी रोप होतं, कड्यावरचं ओरबाडायची काही गरजच नाही.

तर आयनॅचरलिस्टवर टाकताना जागा धूसर करायचा पर्याय असतो तो चालू करा, मग नोंद शास्त्राला मिळते पण नेमका ठावठिकाणा लोकांना दिसत नाही. धोक्यातल्या बऱ्याच जातींना ते आपोआप होतं पण त्यावर विसंबू नका. इन्स्टाला टाकलं तर तालुका सुद्धा लिहू नका, फोटोत मागं ओळखीचा बुरूज किंवा टाकी येत नाही ना ते बघा, आणि फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. ऑर्किड, कंदीलपुष्प आणि आमची शिंदळमाकुडी, या तिघांच्या बाबतीत तर अगदी जवळच्या मित्रालासुद्धा जागा फोनवर सांगायची नाही, सोबत नेऊन दाखवायची.

रानवाट_पुणे:

हे सगळं पटतंय. ताई, मी तुम्हाला मेसेज केलाय, येत्या रविवारी पाऊस असला तरी जमतोय. छत्री नको, रेनकोट आणा, दोन्ही हात मोकळे लागतात. आईंसाठी चांगली पकड असलेले बूट बघा, एआरएआयच्या बाजूच्या उतारावर शेवाळ धरतं. पहाटफेरी काका, तुम्ही पण या, जुन्या पांगाऱ्यांच्या जागा तुमच्याकडनं आधी नकाशावर घेऊ.